आलं! हात काढ!

"आलं! हात काढ!"

खालून हा आवाज आला की छतावरच्या माणसाने छत्रीवरचा हात काढायचा, पान्याने नट आवळायचा आणि मुकाट्याने शिडीवरून उतरायचं, ही आमच्या मोहल्ल्याची पद्धत होती. छतावरचा माणूस म्हणजे मी. आवाज चाचांचा.

तुमच्या घरावर फुकटच्या सरकारी चॅनलांची छत्री, म्हणजे डिश, असेल, तर हा खेळ तुम्हाला ठाऊकच असणार. वाऱ्याने छत्री हलली किंवा माकड तिच्यावर बसून गेलं की टीव्हीचा पडदा निळा पडतो. मग एक माणूस छतावर छत्री फिरवतो, एक टीव्हीपुढे बसतो आणि एक मध्ये, दारात उभा राहतो. छतावरच्याला टीव्ही दिसत नाही, टीव्हीपुढच्याला छत दिसत नाही. त्यामुळे सगळा कारभार मधल्याच्या हातात जातो. सरकार असो की छत्री, मधल्या माणसाशिवाय आपल्याकडे काही हलत नाही.

मी छतावर जायचो ते मला त्यातलं फार कळतं म्हणून नाही. वाशीम जिल्ह्यात अनसिंगला माझं मंडप-बिछायतीचं दुकान आहे. दुकान म्हटलं की शिडी आली, आणि ज्याची शिडी त्याने वर चढावं असा आमच्याकडचा न्याय आहे. चाचा दारात असायचे ते त्यांच्या आवाजामुळे.

त्या आवाजाने उभी हयात स्टँडवर जीपा भरल्या होत्या. गाडी चाचांची नव्हती आणि चालवता त्यांना येत नव्हती. काम एकच, ओरडायचं. "पुसद, पुसद, पुसद! चला, एकच सीट बाकी!" जीप रिकामी असायची, ड्रायव्हर टपरीवर चहा पीत बसलेला असायचा, तरी सीट एकच बाकी. त्या एका सीटवर पुढे अर्धं गाव बसायचं.

एकदा मी विचारलं, "चाचा, एवढं खोटं कसं बोलता?"

"खोटं कुठी हाये भाऊ? जाणाऱ्याले कितीक सीटा लागतात? एकच ना? थे बाकीच हाये."

एवढं बोलून ते पुन्हा ओरडायला लागले.

पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या आणि जीपांचा धंदा बसला. चाचा चौकात पारावर बसू लागले. एवढा मोठा आवाज, आणि त्याला काम नाही. अशात कुणाच्या तरी छत्रीच्या वेळी ते सहज दारात उभे राहिले, आणि त्यांना नवी नोकरी लागली. पगार म्हणजे चहा. कुठे लग्नाच्या घरी जायचं असलं तरी ते मला आधी विचारायचे, "आज कुठी छत्री तं नाई ना? नाई म्हणजे, मंग मी थांबतो."

आपल्याकडे या छत्रीचं तोंड आग्नेयेला असतं. चाचांच्या लेखी आग्नेय वगैरे काही नव्हतं. छत्री पुसदकडे पाहते, म्हणजे ती आपल्याच लायनीची गाडी, असं त्यांचं मत. दारातून हुकूम सुटायचे, "थोडं शाळेकडे घे... बस, बस... आता मस्जिदकडे... लय झालं, वापस!" उन्हात छत्रीची कड हाताला चटके द्यायची आणि मी गावातल्या सगळ्या इमारतींना नमस्कार घातल्यासारखा वाकत असायचो.

एक मात्र होतं. चाचांचं "आलं" जरा लवकर यायचं. मी खाली येऊन पाहावं तर बातम्या देणाऱ्या बाईचे डोळे एका चौकटीत आणि तोंड दुसरीत. घरचे लोक कुरकुरायचे. चाचा तोवर चहाच्या कपाशी पोचलेले.

"येते, येते. गाडी सुटली का सीट जमते."

आणि बरेचदा खरंच जमायची. न जमली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.

मोहल्ल्यात त्याची म्हणच झाली. रस्ता मंजूर झाला, नळाला रोज पाणी येणार, अशी काही बातमी आली की पारावरचं कुणीतरी विचारणारच, "खरंच आलं, का चाचाचं आलं?" चाचाही हसायचे. त्यांना राग येत नसे, निदान दिसत तरी नसे.

चाचा-चाचींनी एक नात वाढवली होती. आईबाप पुण्याकडे मजुरीला, पोर इथे. शिकायला ती वाशीमच्या कॉलेजात जायची, तिथल्या छात्रसेनेत होती, आणि एका वर्षी सव्वीस जानेवारीच्या दिल्लीच्या संचलनासाठी तिची निवड झाली. झालं! स्टँडवरचा आवाज पुन्हा बाहेर पडला. "माही नात दिल्लीत चालून राह्यली! सरकारी चॅनलवर दिसन! समद्याईनं पाहा!"

लोक म्हणाले, चाचा, मोबाईलवर पाहा की.

"मोबाईलात माणूस मुंगीएवढा. माही नात काय मुंगी हाये?"

भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याकडे महिन्याला पैसे भरायचा टीव्हीचा डबा होता. त्याने बोलावलं. चाचांनी त्यालाही उडवून लावलं. "माही नात दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहू? अन् सरकारचा कार्यक्रम पाहाले पैसे कायले? मी माह्या घरी, माह्या खुर्चीवर पाहीन."

गंमत अशी की चाचांच्या स्वतःच्या घरचा टीव्ही कित्येक दिवस बंदच होता. गावभरच्या छत्र्या लावणाऱ्या माणसाच्या घरी पडदा निळा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हणत होतो. दोनदा मी होऊन म्हटलं, शिडी आणतो. तर म्हणाले, "आलेलं हाये भाऊ. एकदम साफ." एकच सीट बाकी म्हणावं तसं ते बोलले, आणि माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी चाची दुकानात आल्या. डोक्यावरचा पदर धड नव्हता. "भाऊ, शिडी घिऊन चला. हे म्हणतात टीव्ही चालू हाये. काही चालू नाई."

जाऊन पाहतो तर चाचा ईदेचा कुर्ता घालून, टोपी चढवून टीव्हीपुढच्या खुर्चीवर बसलेले, नवरदेवासारखे. मी म्हटलं, "चाचा, दारात या."

"आज नाई. आज मी पाहणार. दारात तुही चाची राहीन."

मी वर गेलो. थंडी होती, पाना हाताला गार लागत होता. चाचींचा आवाज मुळातच बारीक. "नाही आलं भाऊ." मी छत्री थोडी शाळेकडे घेतली. "नाही आलं." थोडी मस्जिदकडे. "नाही." आणि मग त्या बारीक आवाजाला दाबून, आतून, ओळखीची गर्जना आली.

"आलं! हात काढ!"

इतक्या वर्षांची सवय. मी नट आवळला आणि उतरलो.

खोलीत बँडचा आवाज छान घुमत होता. चाचा खुर्चीत ताठ, हात गुडघ्यांवर. "पाह्य भाऊ, पाह्य! काय शान हाये! घोडे आले असतीन आता."

मी टीव्हीकडे पाहिलं. पडदा निळा होता. मधोमध सिग्नल नसल्याची पाटी, आणि बाकी काही नाही. बँड शेजारच्या घरी वाजत होता आणि भिंतीतून इकडे येत होता.

मी चाचांकडे पाहिलं. ते त्या निळ्या पडद्याकडे बघून हसत होते. मग मी चाचींकडे पाहिलं. त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "काचबिंदू हाये. दोनेक वर्सं झाले. उजेड-अंधार कळते, बाकी काही नाई. डाक्टर म्हणे, गेली नजर वापस येत नाई. मले म्हणे, कोणाले सांगू नको. लोकाईले कळलं तं दारात कोण उभं करीन मले?"

गावभरचं चित्र साफ आलं की नाही हे ज्याने ठरवायचं, त्याला चित्रच दिसत नव्हतं. ज्या त्या घरी खोलीतली पोरं "हं, हं" करू लागली, कुणी टाळी वाजवली, की त्या अंदाजावर ते गाडी सोडायचे. आता मागचं आठवून पाहिलं, तर चहाचा कपही त्यांच्या हातात नेहमी कुणीतरी द्यायचं. अर्थात हे दोन वर्षांतलं झालं. त्याआधीची लवकरची "आलं" कशात धरायची, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"चढा भाऊ पुन्हा," चाची म्हणाल्या. "त्याईले दिसो, न दिसो. पोरगी आपल्या घरात आली पाह्यजे."

मी पुन्हा चढलो. चाची प्रत्येक वेळी खरं सांगत होत्या. नाही आलं. नाही आलं. आलं होतं, गेलं. खऱ्या माणसाबरोबर काम करणं किती जिकिरीचं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "आलं भाऊ. आता आलं," आणि मी दोनदा विचारून मगच हात काढला.

खाली आलो तर खोलीत आता दोन बँड वाजत होते. एक शेजारचा आणि एक आमचा, अर्धं पाऊल मागे. चाचांनी मान तिरकी केली. जरा वेळ ऐकलं.

"हे दोनदा काहून वाजून राह्यलं?"

चाचा हुशार माणूस. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा नीट डोक्यावर ठेवली. चेहऱ्यावरचं हसू मात्र परत ठेवता आलं नाही.

"बस इथी," ते मला म्हणाले. "आता तू सांग मले."

मी खुर्चीशेजारी खालीच बसलो आणि सांगू लागलो. घोडे गेले, उंट गेले. मग मुलींची तुकडी आली. सगळ्यांच्या डोक्यावर तीच टोपी, सगळ्यांचा तोच हात, तेच पाऊल. मी डोळे ताणताणून पाहत होतो. चाची पडद्याला नाक लावून उभ्या. तेवढ्यात कॅमेरा वर गेला, वरून नुसत्या रांगा दिसल्या, मग पाहुण्यांचे कोट आणि शाली दिसल्या, आणि पुन्हा खाली आला तोवर तुकडी पाठमोरी झाली होती.

"दिसली?" चाचांनी विचारलं.

चाचींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली. इतकी वर्षं या माणसाने मला दारातून सांगितलं होतं आणि मी छतावरून विश्वास ठेवला होता. आता मी दारात होतो.

"दिसली चाचा," मी म्हणालो. "दुसऱ्या रांगेत. एकदम ताठ."

चाचा माझ्या दिशेने वळले. मग त्यांनी चाचपत माझा खांदा शोधला आणि त्यावर थाप मारली.

"एकच सीट बाकी सांगून राह्यला का मले?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसणार नव्हतं एवढंच बरं होतं.

"थांबला काहून?" चाचा म्हणाले. "सांग ना. अजून सांग."

मग मी सांगितलं. तिचे बूट कसे चमकत होते, सलामी देताना मान कशी झटक्यात वळली, साऱ्या तुकडीत तिचं पाऊल कसं सगळ्यात खणखणीत पडत होतं. यातलं मला काहीही दिसलेलं नव्हतं. चाचा प्रत्येक वाक्याला "हं, हं" करत होते, खोलीतली पोरं करायची तसे.

त्यानंतरही चाचा दारात उभे राहायचे. मी कुणाला काही बोललो नाही. त्यांचं "आलं" आलं की हात काढायचो, खाली येऊन चहा घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाता जाता शिडी पुन्हा लावायचो.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. नात पोचेपर्यंत सगळं थांबवून ठेवलं होतं. मोहल्ल्यात त्या दिवशी कुणी मोठ्याने बोललं नाही. तो आवाज गेल्यावर बाकीचे फारच बारीक वाटत होते.

आता छत्री लावायला दारात माणूस लागत नाही. घरातलं कुणीतरी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल टीव्हीपुढे धरतं आणि मला छतावर, माझ्या मोबाईलवर, सगळं दिसतं. ओरडणं नाही, शाळा नाही, मस्जिद नाही. काम झटपट होतं. चित्र साफ येतं, बाईचे डोळे आणि तोंड एकाच चौकटीत असतात, खालचे लोक जेवायलाही बसलेले असतात. तरी थोडा वेळ मी हात काढत नाही.