सोडू का बांधून ठेवू

फौजेत मी बंदूक थोडी आणि फायली फार हाताळल्या. सगळी नोकरी कारकुनीत गेली. पेन्शन घेऊन पलूस तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो तेव्हा शेतीतलं मला फारसं कळत नव्हतं, पण छापील कागद हातात आला की अगदी तळातल्या बारीक ओळीपर्यंत वाचायची खोड होती. गावाला ती खोड सोयीची वाटली. पीकविम्याचा अर्ज असो की सातबाऱ्यावरची चूक, माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसायची. हवालदारास्नी इचारा, असं कुणी म्हटलं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. हे आज लिहितानाही लाज वाटते.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, नदी वळते तिथं. पुराचं आम्हाला नवल नाही. प्रत्येक घराची स्वतःची खूण ठरलेली असते. कुणाची जोत्याची तिसरी पायरी, कुणाचा भिंतीतला कोनाडा. मागच्या मोठ्या पुराला पाणी तिथवर आलं, म्हणजे त्याच्या वर येत नाही, असा एकूण हिशोब. मी स्वतःला या सगळ्यांपेक्षा शहाणा समजत होतो, कारण धरणातून किती पाणी सोडलं याचे मोबाइलवर येणारे आकडे मी वहीत उतरवून ठेवायचो. पण शेवटी मीही त्या जुन्या खुणांवरच विसंबून होतो. वहीमुळे फक्त माझा आवाज चढा झाला होता.

दूध संस्थेत जनावरांच्या विम्याची योजना आली तेव्हा माझ्या अंगात संचारलंच. खालच्या आळीत माझी काकू राहते. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, लेक फलटणला सासरी. घरात ती आणि एक म्हैस. विमा करायचा तर म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला मारावा लागणार, त्याला तिचा विरोध होता. मुक्या जनावराचा कान कशाला फाडायचा, म्हणायची. मी दोन दिवस तिच्या मागे लागलो. पूर आला आणि म्हैस मेली तर हातात काय राहील, म्हणून भीतीही घातली. शेवटी तिनं मान्य केलं.

मग मी तिला नियम समजावले. बिल्ला कानात असला पाहिजे. मेलेलं जनावर दाखवता आलं पाहिजे, त्याचा फोटो आणि डॉक्टरचा दाखला पाहिजे. नुसतं हरवलं, वाहून गेलं, सापडलंच नाही, तर काही मिळत नाही. हे शेवटचं मी तीनदा बजावलं, कारण माणसं नेमकं तेच विसरतात. काकू विसरली नाही. डेअरीवर बायकांना ती हे सगळं माझ्याच शब्दांत सांगू लागली. तिकडे म्हशीनं बिल्ला मारल्यावर दोन दिवस पान्हा चोरला, तेव्हा मात्र काकूनं मला दारात उभं केलं नाही. कानाला हळद-तेल लावत बसायची. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्या वर्षी पाऊस थांबेना. नदी पात्राबाहेर आली तसा मी घरच्यांना घेऊन पलूसला मेव्हण्याकडे गेलो. काकूला चल म्हणालो, पण म्हशीला टाकून ती यायला तयार नव्हती. मीही फार ताणलं नाही. तिच्या गोठ्यातला ओटा उंच होता आणि मागच्या पुरात पाणी त्या ओट्याच्या खालीच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला तिचा फोन आला. मी चहा घेत होतो. आळीत गुडघाभर पाणी झालं होतं आणि माणसं न्यायला ट्रॅक्टर आला होता. ट्रॉलीत जनावरं घेत नव्हते. शेजारीपाजारी दावी कापून जनावरं पाण्यात सोडत होते. माळापर्यंत पोहून जातील, नाहीतर नदी नेईल तिकडं जातील, अशा आशेवर. काकूच्या आवाजामागे माणसांची ओरड आणि म्हशींचं रेकणं ऐकू येत होतं.

"सोडू का बांधून ठिवू?" तिनं विचारलं. "तू सांगशील तसं करते."

तिनं मला पुतण्या म्हणून विचारलं होतं. मी तिला विम्याचा नियम सांगितला.

"सोडलीस आन व्हावून गेली तर काय मिळायचं न्हाई," मी म्हणालो. "वट्यावर बांध. पानी वट्याच्या वर येत न्हाई."

बरं, म्हणाली आणि फोन ठेवला. मी चहा संपवला. वहीत त्या सकाळचा आकडा लिहिला.

पाणी ओट्याच्या वर आलं. ओट्याच्या, गव्हाणीच्या, पत्र्याला टेकायला हातभर उरेल इतकं वर आलं. दोन दिवसांनी बातम्या यायला लागल्या तेव्हा सोडलेली बहुतेक जनावरं माळावर बाभळीखाली उभी सापडली होती. काही गेली ती गेलीच. पण एक म्हैस तर पलीकडच्या काठच्या गावात लागली आणि बिल्ल्यावरचा नंबर वाचून तिथल्या लोकांनी मालकाचा पत्ता काढला. हे मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं, की बघा, तुमच्या बिल्ल्याचा कसा उपयोग झाला. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

पाणी उतरल्यावर मी काकूला पूरग्रस्तांच्या छावणीतून तिच्या घरी घेऊन गेलो. म्हैस खुंट्यापाशीच होती. दावं इतकं ताणलेलं की गाठ सुटली नाही, कापावी लागली. काकू रडली नाही. तिनं पदरानं म्हशीच्या तोंडावरचा गाळ पुसला आणि बाजूला जाऊन बसली. त्या वेळी मी काय करत होतो? बिल्ल्याचा नंबर नीट दिसेल असा फोटो घेत होतो. डॉक्टर आले, पंचनामा झाला. मला पळता येईल तितकं मी पळालो, कारण थांबलो असतो तर काकूशेजारी बसावं लागलं असतं.

चार दिवसांनी दाव्याचा अर्ज भरायला तिच्या पडवीत बसलो. भिंती अजून ओल्या होत्या. मरणाचं कारण या रकान्याशी आलो तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काय लिवलंस?"

पुराच्या पाण्यात बुडून, असं मी वाचून दाखवलं.

"म्हस बुडत न्हाई, बाबा," ती म्हणाली. "बांधली व्हती म्हनून मेली, आसं लिव."

तसं लिहिलं तर निष्काळजीपणा म्हणतील, दावा नामंजूर करतील, असं मी सांगितलं. अगदी हळू आवाजात, समजावणीच्या सुरात. खरं तर तेव्हा मी पेन खाली ठेवून म्हणायला हवं होतं की काकू, चुकलं माझं. ते शब्द तोंडाशी आले होते. मी अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथं बोट ठेवलं. तिनं सही केली.

दावा मंजूर झाला. कागदांत एकही त्रुटी निघाली नाही. काकूनं पुन्हा म्हैस घेतली नाही. ती माझ्याशी बोलते, सणाला पोळ्या धाडते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते. मला काही विचारत मात्र नाही.