झाल्यावर सांगतो

“मेंढरं चरायची थांबली की परसराममामा काठी टेकून उभे राहत, जमिनीला कान लावत आणि गावाकडे वळून हाक देत, ‘बाहेर पडा!’ घटकाभरात धरणी हलत असे. भूमातेने ज्यांच्या कानात आपले गुज सांगितले, असे हे सिद्धपुरुष आपल्या गावाला लाभले...”

परसरामच्या तेरवीला वाटलेल्या पत्रकातली ही वाक्ये आहेत. वर त्याचा फोटो, आणि फोटोतल्या डोक्यामागे कुणीतरी संगणकावर तेजोवलय काढून दिले आहे. ज्याच्या डोक्यामागे उभ्या आयुष्यात घोंगडीच्या खोळीखेरीज काही नव्हते, त्याच्यामागे ते पिवळे वलय पाहून मी भरल्या पंगतीतून उठलो. गुरुजी उठले याचा बोभाटा झाला. का उठले, हे कुणी विचारले नाही. म्हणून हे लिहितो आहे. पत्रकातल्या त्या वाक्यांपैकी एकही खरे नाही. परसरामने कधी जमिनीला कान लावला नाही, कधी हाक दिली नाही, आणि भूमातेने त्याला काही सांगितले असलेच, तर ते आपल्या सर्वांना सांगितले त्याच वेळी सांगितले.

त्याच्या जाण्याची बातमी मला हिंगोलीत कळली. मोतीबिंदू काढून मी मुलाकडे पडून होतो. सकाळी फोन वाजला. पलीकडे परसरामची बायको, कौसाबाई. “गुर्जी, हे गेले,” ती म्हणाली. “रेडिओ लावला, घड्याळ जुळवलं, अन् बसल्या जागी मान टाकली.” डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली होती. मी एका डोळ्यावर पट्टी ठेवून एसटीत बसलो, शिरड शहापूरला उतरलो आणि तिथून मिळेल त्या वाहनाने गाव गाठले. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले, तर पुढच्या अमावास्येला तिथे नारळाची दुकाने लागतील.

आमच्या भागात जमिनीतून आवाज येतात, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. पावसाळा सरता सरता किंवा सरल्यावर, कुठलीही आगाऊ सूचना न देता, पायाखालून एक घुमा आवाज निघतो, फळीवरची भांडी किणकिणतात, आणि पुन्हा सारे शांत. ते पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा लोकांनी बाजा अंगणात काढल्या. कुणी सुरुंगांना दोष दिला, कुणी धरणाच्या पाण्याला, कुणी आपल्या भावकीच्या पापाला. मग एक संशोधक बाई जीपमधून आल्या. गावाने त्यांना लगेच ‘भूकंपवाल्या मॅडम’ हे नाव दिले. त्यांनी शाळेच्या रिकाम्या खोलीत जमिनीची थरथर टिपणारे यंत्र बसवले. पण आवाज कुठवर ऐकू जातो, कसा ऐकू येतो, कुणाच्या घरात काय हलते, हे यंत्र सांगत नाही, ते माणसांनीच लिहायला हवे, असे म्हणून एक जाडजूड रजिस्टर त्यांनी माझ्या हाती दिले. मी भूगोलाचा शिक्षक. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार?

तीन आठवड्यांत मी दोन नोंदी केल्या. त्याही पोरांना विचारून. वर्गात पन्नास जण बाक वाजवत असताना भूगर्भाचे काय ऐकू येणार! रजिस्टर घेऊन मी माळावर गेलो आणि परसरामला दिले. चौथीपर्यंत तो माझ्या शेजारी बसत असे. पुढे त्याच्या वाट्याला मेंढ्या आल्या आणि माझ्या वाट्याला खडू. मी मास्तर झाल्यापासून तो मला ‘गुर्जी’ म्हणे, आणि त्यात आदरापेक्षा टिंगल जास्त असे. त्याने रजिस्टर उलटून पाहिले. “म्हंजे तुला येईना म्हणून मला देऊन राहिला व्हय, गुर्जी?” मी रागावून परत मागितले. त्याने दिले नाही.

मरेपर्यंत दिले नाही. अशी पाच रजिस्टरे भरली. रोज सकाळी आकाशवाणीवर बातम्यांआधी वेळेचे ठोके पडत, त्या ठोक्यांवर तो मनगटावरचे घड्याळ जुळवी आणि मगच मेंढ्या सोडी. घड्याळ मागे पडले असेल, तर किती मागे पडले होते, तेही लिही. आवाज झाला की आधी वेळ, मग दिशा, मग कसा. “रिकामी ट्रॉली पुलावरून गेल्यागत”, “जात्याचा पाळू सरकल्यागत”, “कसा ते सांगता येत न्हाई”. हे शेवटचे वाक्य मला फार लाजिरवाणे वाटे. मी म्हणालो, “अरे, काहीतरी उपमा दे.” तो म्हणाला, “न्हाई सुचली तर खोटी देऊ काय?”

मेंढ्यांचे म्हणाल, तर मॅडमनी एकदा स्वतःच विचारले होते, आवाजाआधी जनावरे बिचकतात का, तशी नोंद ठेवता येईल का. मी तिथे हजर होतो. परसरामने डोक्याचे मुंडासे काढून खाली ठेवले आणि शांतपणे सांगितले, “मॅडम, मेंढरू दिवसातून दहादा बिचकतं. कुत्रं दिसलं की बिचकतं. तुमी छत्री उघडली की बिचकतं. तेवढं लिवाया बसलो तर रजिस्टर पुरायचं न्हाई, अन् भुई हालल्यावर मला तेवढं एकच बिचकणं आठवंल.” मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतले. आज ज्याच्या ओट्यावर पितळी घुंगूर टांगायचे चालले आहे, तो माणूस हे बोलला होता.

ओट्याचे पुढे सांगतो. आधी त्याच्या चुकीविषयी सांगितले पाहिजे, कारण सिद्धपुरुष चुकत नाहीत आणि परसराम चुकला होता. पहिल्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने लागोपाठ आवाज नोंदवले, सगळे टेकडीच्या अलीकडून, सगळे दुपारचे, सगळे घुमे आणि लांबलेले. यंत्रावर त्यांतल्या एकाचीही खूण नव्हती. मी त्याला तसे तोंडावर टोचून बोललो. ते दिवस हळद तयार करण्याचे होते, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. चार दिवसांनी परसराम टेकडी ओलांडून पलीकडच्या शेतात गेला. तिथे शिजवून वाळवलेली हळद घासून चकचकीत करायला ट्रॅक्टरवरचा पत्र्याचा ड्रम लावला होता. पलीकडे त्याची खडखड, अलीकडे टेकडीतून गाळून आलेली नुसती घरघर. ड्रम केव्हा केव्हा चालला, हे त्याने त्या शेतकऱ्याकडून विचारून घेतले, आपल्या नोंदींशी ताडून पाहिले आणि प्रत्येक नोंदीवर पट्टीने एकच रेघ मारली, खालचे अक्षर वाचता येईल अशी. समासात लिहिले, “हळदीचा ड्रम. माझी चूक.” मी म्हणालो, पान फाडून टाक. तो म्हणाला, “फाडलं तर पुढल्या हळदीला पुन्हा चुकंन.”

गावातले टवाळ पारावरून विचारत, “काय मामा, आज हाय का कार्यक्रम?” त्यावर त्याचे उत्तर ठरलेले असे, “झाल्यावर सांगतो.” एकदा कॅमेरा घेऊन कुणी बातमीदार आला. त्याने पाच वेळा, पाच प्रकारांनी विचारले, “पण बाबा, तुम्हाला आधी कळतं ना?” परसराम म्हणाला, “आधी कळलं असतं तर कौसाच्या हातची ताटातली भाकर सोडून उठलो असतो का परवा? अर्धी खाल्ल्यावर हालली.” बातमीत हे वाक्य आले नाही. माळावर उभा असलेला परसराम आला, मागे बासरी वाजत होती. आमच्या माळावर बासरी वाजवणारा कुणी नाही.

दुसरीही एक हकिगत फिरते आहे, आणि ती शिकलेल्यांनी रचली असल्यामुळे मला तिचा अधिक संताप येतो. शोकसभेत एका विद्वान वक्त्याने परसरामला ‘निरक्षर पण निष्ठावान मदतनीस’ म्हटले. निरक्षर माणसाने पाच रजिस्टरे कशी भरली, हे त्यांना विचारावेसे वाटले नाही. आणि मदतनीस कुणाचा? मॅडमचा हुद्दा मोठा, त्यांचे यंत्र मोठे. पण टेकडीकडच्या बाजूला आवाज कुठून कुठवर जातो, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर परसरामने काढले. हे काम ज्याने केले, तो निरीक्षक. मॅडमच्या टिपणांतही त्याच्या नावापुढे हाच शब्द आहे. मी तो माझ्या डोळ्यांनी वाचला आहे, मोतीबिंदूच्या आधी.

आता ओटा. माझा जुना विद्यार्थी बाबाराव गावातल्या तरुणांचा म्होरक्या आहे. परसरामच्या मेंढवाड्याजवळ ओटा बांधायचा, त्यावर शिळा बसवायची, आणि पाचही रजिस्टरे ‘मामांची पोथी’ म्हणून काचेच्या पेटीत घालून ती पेटी ओट्यात सिमेंटने पक्की करायची, असे त्याने ठरवले आहे. मॅडमनी तीच रजिस्टरे मागितली आहेत. यंत्र मध्येच बंद पडले होते, त्या महिन्यांची दुसरी नोंद जगात कुठेही नाही. मी बाबारावला हे समजावले. तो म्हणाला, “गुर्जी, तुमी शिकलेले. तुमाला श्रद्धा न्हाई कळायची.” मी म्हणालो, “बाबाराव, भूगोलात तुला पस्तीस मार्क मी दिले होते, आणि तेही श्रद्धेनेच.” पोरे हसली, पण पाया खणायचा थांबला नाही.

यात नुसती वह्यांची नासाडी नाही. ज्याला आधीच कळते, त्याची साक्ष कुठल्याही शास्त्राला चालत नाही. तो वाट पाहत बसलेला असतो, आणि वाट पाहणाऱ्याला हवे ते ऐकू येते. परसराम सिद्धपुरुष ठरला, की त्याची पाचही रजिस्टरे एका भाविकाची बडबड ठरतात. इतक्या वर्षांचे त्याचे काम त्याचेच भक्त पुसून टाकायला निघाले आहेत, हारफुले घेऊन.

बाबारावचा सगळा डोलारा एका दुपारवर उभा आहे. त्या दुपारी आमच्याकडे आजवरचा सर्वांत मोठा धक्का बसला. परसरामने रोजच्या वेळेच्या बऱ्याच आधी मेंढ्या वाड्यात आणल्या होत्या. धक्का बसला तेव्हा तो आणि कौसाबाई दोघेही घराबाहेर होते आणि मातीच्या छताचा, माळवदाचा, कोपरा आत रिकाम्या घरात पडला. “आता बोला गुर्जी,” असे म्हणून बाबाराव माझ्याकडे पाहतो, “मामाला कळलं नव्हतं तर मेंढरं काहून आणली?”

मी इतके दिवस बोललो नाही, याचे कारण अभिमानाने सांगावे असे नाही. त्या संध्याकाळी मी परसरामकडे गेलो होतो. तो रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता. काय लिहितो आहे ते वाचून मी त्याच्या हातातले पेन धरले. “हे लिहू नको,” मी म्हणालो, “लोक हसतील. मॅडमना काय वाटेल? सगळे गाव वेळ सांगते आहे, तीच घाल.” त्याने माझी बोटे एकेक करून पेनावरून सोडवली. “गाव लिवंल गावाचं,” तो म्हणाला. त्यानंतर पेरणी होईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मॅडम आल्या, त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि म्हणाल्या की, झोपलेल्या माणसाला धक्का कळला की नाही, यावरूनच त्याचा जोर ठरवता येतो; अख्ख्या गावाने वाढवून सांगितलेल्या हकिगतींत हीच एक नोंद त्यांच्या खऱ्या उपयोगाची. परसरामने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

मागच्या आठवड्यात कौसाबाईकडे गेलो. भिंतीतल्या दिवळीत रेडिओ तसाच आहे, शेजारी घड्याळ. घड्याळ चालू होते. मी पाहतो आहे हे पाहून ती म्हणाली, “सकाळी लावते रेडिओ. ठोके पडले की जुळवते. आता लिवायचं काय न्हाई, पण हात जातो.” मग तिने पत्र्याची पेटी पुढे ओढली. “वह्या मॅडमच्या हाईत, असं ह्यांनी सांगून ठेवलंय. पोरं माझं ऐकत न्हाईत. तुमीच वाचून दाखवा गुर्जी, काय हाय त्यात.” पेटी आता माझ्यासमोर टेबलावर आहे. येत्या रविवारी, ओट्याच्या खणलेल्या पायाजवळ उभा राहून, मी चौथ्या रजिस्टरातले ते पान मोठ्याने वाचणार आहे आणि मग पाचही रजिस्टरे मॅडमच्या हवाली करणार आहे. ज्या पानाची मला लाज वाटली होती, तेच ते पान. बाबारावने आणि पत्रक छापणाऱ्यांनी ते आधी इथेच वाचावे. अक्षर परसरामचे आहे, खाडाखोड कुठेही नाही:

“आज अंगात ताप. म्हणून मेंढरं लवकर आणली. कौसा अंगणात तूर निवडून राहिली, मी तिथंच बाजेवर. माळवदाचा कोपरा पडला, त्याचं लाकूड वाळवीनं आधीच खाल्लं होतं. गाव म्हणतं भुई लई हालली. वेळ मला ठाऊक न्हाई. मी झोपलो होतो. मला कळलं न्हाई.”