विलासनं अडवलेली सही

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरपन्याच्या साइटवर माणसांवर ओरडत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा ओरडू लागलो... रडू दुसऱ्या दिवशी आलं, तेही रागाचंच.

आम्ही दोघं एके काळी ऊर्जानगरला केबल ओढणारे मजूर. मी ठेकेदार झालो. तो शिकून वीज उपकेंद्रांचा चाचणी इंजिनिअर झाला. माझ्याकडे गाडी, माणसं, नाव. तरी कुठल्याही उपकेंद्रात शिरलो की ऑपरेटर खुर्ची मला द्यायचे आणि बोलायचे त्याच्याशी.

राजुऱ्याजवळच्या उपकेंद्रात मी नवी यंत्रणा बसवली. पूर्वी प्रत्येक इशाऱ्याला वेगळी तांब्याची तार असे. आता निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं एकाच ठरलेल्या भाषेत, बारीकशा फायबरवरून बोलणार होती. काम मुदतीआधी झालं. ताबा द्यायच्या कागदावर विलास सही करेना.

"काऊन? एक चूक दाखव," मी म्हणालो.

"पॅनल तयार आहे. माणसं नाई."

मग त्यानं कंट्रोल रूममध्ये खेळच मांडला. एकाला बिघाड ओळखून हुकूम देणारा रिले केलं, स्वतः तो हुकूम ऐकून वीज तोडणारा ब्रेकर झाला, आणि सगळ्यांना एकमेकांना चिठ्ठ्या द्यायला लावल्या: कोणी, कोणाला, काय सांगितलं. जुन्या रिलेची ‘टक्’ ऐकून बिघाड ओळखणारी ही माणसं. आता काही ऐकू येणार नव्हतं, पडद्यावर वाचावं लागणार होतं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "नौटंकी बंद कर, विलास." ऑपरेटर कल्पनाबाई हसल्या, "काऊन भाऊ, जळून राह्यले का?"

हो, जळत होतो. आजही जळतो. गडचिरोलीकडच्या एका उपकेंद्रात मी दुसऱ्या साहेबाशी हुज्जत घालून सही मिळवली होती. तिथल्या लोकांनी नवी यंत्रणा झाकून ठेवली आणि फोनवरच काम चालवलं. शेवटी विलास जाऊन शिकवून आला. मला चकार शब्द बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं... भांडणात मी जिंकतो.

परवा राजुऱ्याला त्याच्या जागी आलेल्या इंजिनिअरनं सहीसाठी पेन उघडलं. कल्पनाबाईंनी कागद बाजूला सरकवला. "चिठ्ठ्यांची एक फेरी राह्यली. विलासभाऊ ब्रेकर व्हायचे. आता तुमी व्हा."

रागानं उठलो आणि भिंतीपाशी, तो उभा राहायचा तिथं जाऊन उभा राहिलो. चिठ्ठी हातात आली. वाचली. पुढं काय करायचं ते कळेना. यंत्रणा मीच बसवली होती.

कोणी हसलं नाही. कल्पनाबाई शेजारी आल्या आणि विलाससारखंच, घाई न करता, पहिल्यापासून सांगू लागल्या.

"साहेब," मी इंजिनिअरला म्हणालो, "आज सही नको."