कुंकवाची डिस्क
बाजारात केळीच्या चिकाचा वास आला की मला सावद्याची ती दुपार आठवते. एका केळी-व्यापाऱ्याच्या ऑफिसात सर्व्हरला नवी डिस्क बसवायला मी जळगावहून गेलो होतो. बाहेर ट्रक भरत होते आणि हंगामभराची सगळी वजनं जुन्या डिस्कवर होती. मालकांच्या आईने, अक्कांनी, नव्या डिस्कच्या तोंडाला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय ती मला बसवू दिली नाही. कॉम्प्युटरला कसलं कुंकू, असं मनात कुरकुरतच मी सर्व्हर चालू केला. आजवर सर्व्हरने जुन्या डिस्कला दिलेलं नाव एसडीबी होतं, म्हणजे नवी एसडीसी असणार, असं धरून, नवी डिस्क वापरण्याआधी कोरी करून घ्यावी लागते म्हणून, एसडीसी पुसायची कमांड लिहिली. बोट एंटरवर होतं, तेवढ्यात अक्का मागून म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठी वजनं राहतीन ना?" त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी कमांड खोडली आणि एसडीसी आधी नुसती वाचायला लावली; कुंकवाच्या डिस्कचा दिवा लुकलुकताना त्यांना दाखवणार होतो. दिवा लुकलुकला तो शेजारच्या, बिनकुंकवाच्या डिस्कचा. चालू होताना सर्व्हरने दोघींच्या नावांची परस्पर अदलाबदल करून टाकली होती; एंटर दाबलं असतं तर जुनीच डिस्क पुसली गेली असती. पंख्याखाली मला दरदरून घाम फुटला. "काय झालं रे भाऊ?" "काही नाही अक्का, जरा पाणी द्या." आता मी नावावर विसंबत नाही, डिस्कवर छापलेला नंबर ताडून पाहतो. देवाधर्माचं मला आजही फारसं नाही. पण बॅगेत पेचकसाशेजारी कुंकवाची डबी असते.