अडीच पानांचा शेरा

परदेशात शिकायला गेले तेव्हा माझा पहिला निबंध तपासून परत आला आणि मला वाटलं, आपण नापास. समासात, ओळींच्या मध्ये, शेवटी वेगळं पान जोडून बाईंनी लिहिलं होतं. शिरूरच्या कॉलेजात आमच्या वह्यांवर बरोबरची खूण, 'गुड' आणि सही एवढंच यायचं. सरांनी जास्त लिहिलं तर समजायचं, आपलं काही खरं नाही. मी बॅग भरायला घेतली. शेजारच्या खोलीतल्या मुलीने मग तिचा निबंध दाखवला. तोही तसाच रंगलेला होता आणि ती निवांत चहा पीत होती. तिकडे सगळ्यांनाच लिहितात, म्हणून कुणी घाबरत नाही. हे मला त्या दिवशी समजलं, आणि इकडे आल्यावर मी सोयीने विसरले.

परत येऊन मी शिरूरलाच भूगोल शिकवायला लागले. पहिल्याच वर्षी साठ प्रोजेक्ट तपासायला आले. आमच्याकडे प्रोजेक्ट गेल्या वर्षीच्या पोरांचे बघून उतरवतात, आणि उतरवलेलं वाचायचं कशाला म्हणून तपासणारेही नुसती सही ठोकतात. मीही एकोणसाठांवर 'गुड' लिहून सही ठोकली. मोठी परदेशातून शिकून आले होते ना! साठावा वडगाव रासाईच्या एका मुलीचा होता. आपल्या गावच्या आणि नदीपलीकडच्या राहू गावच्या विहिरी तिने स्वतः हिंडून पाहिल्या होत्या. कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे बायकांना विचारून लिहिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी अडीच पानं लिहिली. हे कशावरून, ते का, इथे नकाशा हवा. तेही लाल पेनाने, कारण हाताशी तेच होतं.

प्रोजेक्ट वाटले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. आठवड्याने तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती चाचरत म्हणाली, "तिच्या घरी अट हाय मॅडम. एकदा जरी नापास झाली तरी शिक्षण बंद. रविवारी पाव्हणं येणारेत तिला बघायला."

"पण नापास कुणी केलं तिला?"

"तुम्हीच लिवलंय की एवढं."

गुरुवारी तिच्या वडिलांच्या कंपनीला सुट्टी असते असं कळलं, म्हणून गुरुवारीच गेले. वडील सणसवाडीला एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होते. त्यांनी प्रोजेक्ट माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, तुमची मुलगी वर्गात पहिली आहे, तिचं काम चांगलं आहे म्हणूनच लिहिलं.

"मॅडम, मी रोज हेच काम करतो," ते म्हणाले. "चांगल्या नगावर कोन कायबी लिहीत न्हाई. रिजेक्ट नगालाच लाल टॅग बांधायचा आन् त्येच्यावर कारन लिहायचं. एवढी कारनं तर मीबी कवा लिवली न्हाईत."

मग त्यांनी विचारलं, "समद्या पोरांचं असंच लाल केलंय का?"

नाही म्हटलं तर मुलगी घरी बसणार होती. मी घाबरले, आणि घाबरलेली माणसं बोलतात तसं चटकन बोलून गेले, "हो. सगळ्यांना लिहिलंय."

मुलगी दारात उभी होती. मैत्रिणीच्या प्रोजेक्टवरचं 'गुड' तिने प्रोजेक्ट वाटले त्याच दिवशी पाहिलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मग हरकत न्हाई," वडील म्हणाले. "उद्या धाडतो तिला. पाव्हण्यांना येऊ नका म्हनून आज-उद्या निरोप देतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधीच ती स्टाफरूमच्या दारात आली. हातात मैत्रिणीचा प्रोजेक्ट होता. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, आप्पांनी अजून निरोप दिला न्हाई," ती हळूच म्हणाली. "म्हणले, संध्याकाळी मैत्रिणीचा प्रोजेक्ट घेऊन ये, तिला काय लिवलंय बघू, मग ठरवू. तुम्ही ह्याच्यातबी लिहा ना. आत्ता लिहा. अडीच पानं तरी लागतील."

मी तिला बसायला सांगितलं, लाल पेन काढलं आणि मैत्रिणीचा प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडून वाचायला घेतला. दुसऱ्याच पानावर गेल्या वर्षीच्या मुलीचं नाव तसंच राहिलं होतं. पुढच्या पानांवर माझ्या शिकवण्यातलं एक अक्षरही नव्हतं. शेवटी माझं 'गुड' होतं आणि खाली माझी सही. लिहिण्यासारखं त्यात काही म्हणता काही नव्हतं, आणि समोर ती माझ्या पेनाकडे बघत बसली होती.