आईनं पाहिलेलं कुलूप

रॉकेलचा वास आला की मला चंद्रपूरची, कोळशाच्या धुळीनं काळवंडलेली आमची ऐंशीच्या दशकातली झोपडपट्टी आठवते. एका सकाळी रेशन दुकानदारानं रॉकेल चोरीला गेल्याची बोंब ठोकली आणि अहेरीकडच्या जंगलातून मजुरीला आलेल्या, दुकानाच्याच ओट्यावर झोपणाऱ्या एका गोंड माणसाकडे बोट दाखवलं. त्याला मराठी धड येत नव्हतं. हवालदारानं मानगूट धरली तरी तो नुसता नाही-नाही करत मान हलवत राहिला. तेवढ्यात विड्या वळणारी माझी आई गर्दीतून पुढे गेली आणि दाराशी पडलेलं पितळी कुलूप तिनं उचलून निरखलं. "साहेब, बंद कुलूप फोडलं असतं तं कडी वाकली असती. हे किल्लीनं उघडलं, मंग दगडानं ठेचलं." हवालदार गुरकावला, "तुले काऊन पंचाईत, बाई?" आई जागची हलली नाही. "किल्ली कोनापाशी राह्यते, तेवढं इचारा." सगळी वस्ती दुकानदाराकडे पाहू लागली. दुपारी हवालदारानं दुकानदाराच्याच घरामागून रॉकेलचे डबे बाहेर काढले. सुटलेला तो माणूस आईच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला खांद्याला धरून सरळ उभं केलं. सही करायलाही न शिकलेल्या त्या बाईची मी मुलगी आहे, हे मी आजही कुणी न विचारता सांगते.