चपलेचा बेडूक आणि बाभळीची फांदी

नऊ वर्षे मी एका साध्या प्रश्नाचे उत्तर देत आलो आहे, आणि त्या उत्तराच्या मुळाशी एक खोटे आहे. ते माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही — पत्नीला नाही, मुलांना नाही, दर सोमवारी ज्यांच्यासमोर हात जोडतो त्या स्वामींनाही नाही. आज ते तुमच्यापुढे ठेवतो आहे. तुम्ही माझे कोण? कदाचित कुणीच नाही. म्हणूनच हे जमेल, असे वाटते.

प्रश्न असा असतो: "अप्पा, गळ टाकायला शिकायचं हाय. खिशात लई न्हाई. काय घेऊ?"

लातूर-नांदेडकडच्या हौशी मासेमारांचा मोबाइलवर एक गट आहे. उदगीरला माझे नळ-पाइपांचे दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसले की मी त्या गटावर उत्तरे लिहितो. उत्तर ठरलेले आहे. काठीवर वाचवा, दोऱ्यावर वाचवू नका. सात फुटी साधी फायबरची काठी हजाराच्या आत मिळते, ती पुरे. रीळ हजार-बाराशेचे घ्या, पण आधी हातात धरून फिरवून पाहा. आतून जात्यासारखी घरघर आली तर परत ठेवा. उरलेले पैसे ब्रेडेड दोऱ्यात घाला, कारण मरळ शेवाळात घुसली की साधी नायलॉनची तंगूस तुटते. आणि बेडकावर — म्हणजे मरळीला भुलवण्यासाठी पाण्यावरून ओढायच्या रबरी बेडकावर — पैसे घालूच नका. दुकानातला बेडूक चारशे-पाचशेचा असतो. देगलूरचा एक शिंपी जुन्या चपलेच्या तळव्यातून कापतो, तो त्याच्या तोडीचा आहे. पुरावा हवा? मग मी तो फोटो टाकतो. माझ्या दोन्ही हातांवर आडवी, साडेपाच किलोची मरळ. तिच्या जबड्यात निळ्या चपलेचा बेडूक. मागे नुसते आभाळ.

मागे नुसते आभाळच का आहे, हे नऊ वर्षांत एकानेही विचारले नाही.

आमच्या घरात मासा शिजत नाही. आम्ही लिंगायत, सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय मी पाणीही पीत नाही. मला मासे धरायचा नाद लागला तो पंचेचाळिशीत, आणि त्यावर मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती — मी खात नाही, धरतो आणि सोडून देतो. यात हिंसा कुठे आहे? ही समजूत किती सोयीची होती, ते पुढे कळेल.

नाद लावला तो व्यंकटने. तोच तो शिंपी. देगलूरच्या बाजारात त्याचे एक यंत्र आणि एक बाकडे, एवढेच दुकान. त्याच्याकडे पाच रुपयांचा गळ, वेळूची काठी आणि पत्र्याचा एक डबा होता. डब्यात कापलेले बेडूक. कापडावर चालणारी मोठी कात्री तो रबरावर अशी चालवी, की तळवा वितळतोय असे वाटावे. पोटात दुहेरी गळ बसवायचा, पायांच्या जागी जुन्या रबरी नाडीचे दोन तुकडे, पाठीवर काळ्या दोऱ्याचे दोन टाके — डोळे. "टाका सैल ठेवावा लागतो, अप्पा," तो म्हणे, "न्हाईतर ते पोहत न्हाई, नुसतं तरंगतं." पाण्यावर तो बेडूक पाय झाडी तेव्हा मी श्वास रोखून पाहत असे. टाकून दिलेली चप्पल जिवंत होते, हे मी पाहिले आहे.

गुरुवारी आमच्या दोघांच्याही दुकानांना सुटी. तो मोपेडवर येई, मी गाडीने. आम्ही उदगीर-देगलूर रस्त्याच्या आत असलेल्या एका जुन्या तलावावर भेटत असू. तलावाचा मासेमारीचा ठेका दिगंबरमामांकडे होता. जातीने भोई, सत्तरीचे, थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून जाळी लावणारे. त्यांच्या शब्दावरच आम्हां हौशी लोकांना काठावर बसता येई. ते पैसे घेत नसत. त्यांची अट एकच होती.

आषाढाच्या सुमारास मरळीला पिल्ले होतात. हजारो पिल्ले, लालसर, दाट, आणि सगळी मिळून श्वास घ्यायला वर येतात. तुरीच्या डाळीला पहिली उकळी यावी तसे पाणी तेवढ्याच जागी खदखदते — आजूबाजूला सगळे स्तब्ध, आणि ते एक परातीएवढे वर्तुळ जिवंत. त्याच्या खाली, दिसणार नाही इतक्या खोल, मरळ उभी असते. आई की बाप, मला ठाऊक नाही. मामा म्हणत, दोघेही राखतात. त्या दिवसांत ती पोट विसरते. पिल्लांच्या वर जे काही येईल — बेडूक, काडी, पाखराचे पीस — त्याच्यावर ती तुटून पडते.

मामा या जागेला म्हणत, पाळणा लागलाय. आणि जिथे पाळणा दिसेल तिथल्या काठावर ते बाभळीची एक हिरवी फांदी रोवत. फांदी दिसली, की गळ उचलायचा आणि पुढे जायचे. जाळीसुद्धा तिथे पडत नसे. पोटासाठी मासे धरणारा माणूस, आणि सगळ्यांत सहज हाती येणारा मासा तो एका फांदीने सोडून देई. याचे मला अपार आश्चर्य वाटे. मी गळ काढून मासा सोडून देत होतो. मामा गळ टाकायच्या आधीच सोडून देत होते. दोन्ही एकच आहे, असे मला तेव्हा वाटे का? वाटत असावे.

आता काठीचे सांगतो. त्या वर्षी मी चौदा हजारांची काठी आणि रीळ मागवले. घरी दुकानासाठीचे ड्रिल मशीन म्हणून सांगितले — तेही खोटेच, पण ते लहान. जपानी रीळ, वाऱ्यासारखे हलके. आणि आठ गुरुवार मला त्यावर एक लहानसा शिंगटा मासासुद्धा लागला नाही. शेजारी व्यंकट वेळूच्या काठीने मरळ काढून जाळीच्या पिशवीत टाकत असे. मामा तराफ्यावरून जाताना थांबले आणि म्हणाले, "काठी शेठची, मासं शिंप्याचं." सगळे हसले. व्यंकट हसला नाही. त्याने डबा उघडला, एक निळा बेडूक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, यानं लागतंय बघा.

मी हसलो होतो, बहुतेक. आतून काय झाले ते सांगायला इतकी वर्षे लागली — मला त्या पाच रुपयांच्या गळाचा हेवा वाटला. पन्नाशीकडे झुकलेला, चार माणसांत मान असलेला मी. चपलेच्या तुकड्याचा हेवा.

पुढच्या गुरुवारी मी पहाटे निघालो. पूजा चुकवली नाही. हेही लिहायला हवे. तळ्यावर पोहोचलो तेव्हा नुकते उजाडले होते. व्यंकटची मोपेड पूर्वेच्या काठावर उभी होती आणि तो स्वतः शंभर पावले पुढे, दगडांच्या आड बसला होता. मामांचा तराफा दूर पश्चिमेच्या काठाकडे. गाडी लावून मी मोपेडजवळून पाण्याकडे उतरलो, आणि समोर बाभळीची फांदी. ताजी, पाने अजून मिटलेली. तिच्यापुढे दहा हातांवर पाणी उकळत होते.

किती वेळ उभा होतो? मिनिटभर असेल. त्या मिनिटात मला सगळे स्पष्ट दिसत होते, हेच मला सांगायचे आहे. मोह झाला, भान हरपले, असे काही झाले नाही. मामांनी दुरून पाहिले तर फांदीशेजारी उभा दिसेन, एवढा हिशेब मी केला. मग वाकलो, फांदी उपटली आणि पाणकणसांत टाकली. निळा बेडूक बांधला. फेकला. तो त्या उकळीच्या मधोमध पडला, आणि पाणी फुटले.

तसे बळ मी त्याआधी आणि त्यानंतर कधी हातात अनुभवले नाही. चौदा हजारांची काठी मुठीपर्यंत वाकली. भुकेचा मासा दूर पळतो, शेवाळ शोधतो. ही पळत नव्हती. ती त्याच जागेभोवती ओढत होती, गोल, पुन्हा गोल, जणू तोंडात गळ आहे ही गोष्ट दुय्यम होती. शेवटी काठाला आली. मी तिला गाडीच्या मागे नेले, मोबाइल खाली चाकाला तिरपा टेकवला, आणि गुडघ्यावर बसून तिला वर धरले — मामांना दिसू नये म्हणून खाली बसलो, आणि म्हणून मागे नुसते आभाळ आले. डावा तळहात तिच्या पोटाखाली होता. त्या तळहातावर दीड तासापूर्वी काय होते, ते मी सांगितलेच आहे.

मग सोडली. मी सोडून देणारा माणूस ना? पण तेवढ्या वेळात पाण्यातली उकळी थांबली होती. जिथे पिल्ले होती तिथे पिल्ले गिळणाऱ्या चिलापी माशांचे थवे घुसले होते. पाठी चमकत होत्या. मरळ माझ्या हातातून निसटली ती खोल पाण्याकडे गेली नाही. जबडा फाटलेला, दम संपलेला, तरी सरळ तिथेच गेली. चिलापी उधळल्या. आणि मग ती त्या रिकाम्या जागी फिरू लागली. मी पाहत राहिलो. मला जगात इतके मोठे काही कधी दिसले नव्हते, आणि ते मीच मोडले होते.

फांदी परत रोवायला मी वाकलो, तेवढ्यात पाण्यावरून मामांचा आवाज जवळ येताना ऐकू आला. मी गाडी काढून सांडव्याकडे निघून गेलो.

तासाभराने मी सगळ्यांना फोटो दाखवला. कुठे लागली, मामांनी विचारले. सांडव्याच्या भिंतीला, मी म्हणालो. खोल पाण्यात. व्यंकटच्या बेडकावर. ते इतके प्रसन्न झाले, की माझ्या पाठीवर थाप मारली. व्यंकटचा चेहरा तर उजळून गेला. त्याचा बेडूक! सांडव्याच्या खोल पाण्यातली, आजवर कुणाला न लागलेली म्हातारी मरळ काढणारा!

त्यानंतर मामांना पाणकणसांत फांदी सापडली. पूर्वेच्या काठावर त्या सकाळी कोण होते? मोपेड कुणाची उभी होती? मी तर सांडव्यावर होतो — मीच सांगितले होते. माझ्या खोट्याने मला तिथून उचलले आणि त्या जागी व्यंकटला उभे केले. मी हे ठरवून केले नाही. पण झालेले पाहिले, आणि गप्प राहिलो.

मामा ओरडले नाहीत. फांदी हातात घेऊन एवढेच म्हणाले, "ज्याला पाळणा दिसत न्हाई, त्याला पाणी दाखवायचं न्हाई. व्यंकट, उद्यापासून इकडं यायचं न्हाई."

व्यंकटने दोनदा सांगितले, की त्याने फांदी पाहिली, म्हणूनच तो पुढे दगडांत जाऊन बसला. मग त्याने डबा उचलला. मोपेडपर्यंत मी त्याच्यासोबत चाललो. त्याने किल्ली लावली, पण चालू केली नाही.

"अप्पा, फांदी मी न्हाई काढली. मामा मानंनात. तुम्ही तरी मानता न्हवं?"

"मानतो, व्यंकट," मी म्हणालो.

त्या दिवशी मी उच्चारलेले हे एकच वाक्य खरे होते. त्याच्यावर विश्वास ठेवणारा जगात मी एकटा होतो, कारण जाणणारा मी एकटा होतो. त्याने माझा हात धरला. डोळे पुसले. त्या वाक्यासाठी तो आजही माझे उपकार मानतो — हे मी कसे सोसले, असे विचारू नका. सोसले. जेवलो, झोपलो, दुकान चालवले.

मामा चार वर्षांपूर्वी वारले, व्यंकटबद्दल तसेच मनात ठेवून. आता फांदी त्यांचा मुलगा रोवतो. त्याने व्यंकटला निरोप धाडला होता, की काका, जुनं सोडा, या. व्यंकट गेला नाही. का, असे मी देगलूरला गेलो तेव्हा विचारले. तो कापड बेतत होता, मान वर न करता म्हणाला, मामांनी नको म्हटलंय, आता ती बंदी उठवणार कोण? दूरच्या धरणांवर जायला त्याच्याकडे ना वेळ ना भाडे. त्याच्या वाट्याला ते एकच पाणी होते. ज्या माणसाने त्याला चोर ठरवले, त्याचा शब्द तो त्याच्या मागेही राखतो आहे. मी ती मरळ पाहिली आहे, म्हणून मला हे राखणे ओळखता येते. माझ्या अंगी ते नाही.

तो अजून बेडूक कापतो. गटावरचे लोक माझ्यामार्फत मागवतात. पत्र्याचा डबा एसटीने भरून येतो, रिकामा परत जातो.

आता ज्यांनी माझ्या सल्ल्याने पहिली काठी घेतली, त्यांच्यासाठी. काठी, रीळ आणि दोऱ्याबद्दल जे लिहिले ते तसेच आहे. बेडूकही चांगला आहे. व्यंकटने त्यावर वर्षानुवर्षे खोल पाण्यात प्रामाणिकपणे मासे धरले, तोच त्याचा पुरावा. माझा फोटो पुरावा नव्हे. त्या सकाळी मी गळाला चिंधी बांधली असती तरी ती मरळ आली असती. तिला बेडूक नको होता. तिला पिल्लांवर जे आले ते हटवायचे होते.

फोटो आज गटावरून काढला. या मजकुराची पहिली प्रत डब्यात ठेवून देगलूरच्या गाडीने पाठवली, दुसरी मामांच्या मुलाच्या हातात दिली. व्यंकटला सोबत चिठ्ठी लिहिलेली नाही. लिहिली असती तर त्यात काहीतरी मागितले गेले असते.

पूर्वेच्या काठावरची बाभळीची फांदी मी उपटली. व्यंकटने ती पाहिली होती, आणि तो पुढे गेला होता.